भिंतीला भोकं नकोत

आमच्या कुडाळकडच्या घरामागे जे परडं आहे त्याची गंमत अशी की मागल्या दारात हातातून आंबा सुटला की तो थेट खाली व्हाळात, म्हणजे ओढ्यात, मध्ये कुठेही थांबत नाही. ६० फुटांत १४ फूट उतार. आजोबांनी त्यावर गडगे घालून तीन टप्पे केले होते, नुसते डबर एकावर एक रचलेले, सिमेंट नाही काही नाही, आणि ते शेवाळ धरून, नेचे उगवून, अधूनमधून एखादा दगड सोडत माझ्या जन्माच्या आधीपासून उभेच होते. पण आम्ही पडलो चाकरमानी. डोंबिवलीत बसून बायकोने फोनवर कुठलीतरी बाग पाहिली, टप्प्याटप्प्यांची हिरवळ, मधे दोन खुर्च्या, आणि म्हणाली की गणपतीला पाहुणे येतील तेव्हा असं काहीतरी हवं.

मार्चमध्ये जेसीबी आणला. वरची माती कापायची, खाली भर घालायची, की झालं सपाट. तासावर पैसे घेणाऱ्या त्या यंत्राने पहिल्या तासात खालचा गडगा, तीन सुपारी, नळाची पायपलाइन आणि खाली उतरायची एकमेव वाट एवढं साफ केलं. त्यामुळे चिरेखाणीवरून टेम्पो आला तो वर रस्त्यावरच रिकामा झाला. जांभ्याचा एक चिरा तीस-पस्तीस किलोचा. मी उत्साहात एक उचलला आणि नंतर चार दिवस स्वतःच चिऱ्यासारखा पडून होतो.

मिस्त्री भला माणूस. पाया खणतानाच म्हणाला, "पाण्याक भोकां ठेवूची लागतली, पायपाचे तुकडे आणा. आणि भिंत जरा आत कलती घेऊया." कलती? एवढे पैसे घालून वाकडी भिंत? मी म्हटलं ओळंब्यात पाहिजे, एकदम सरळ. आणि भोकांचं ऐकून बायको आतून ओरडली, "भोकं बिकं काही नकोत, फुरसं येऊन बसेल त्यात!" फुरसं म्हणजे विषारी साप, आता कोकणात हा शब्द एकदा निघाला की पुढची चर्चा संपते.

शेजारचे आबा रोज संध्याकाळी रस्त्याच्या वळणावर उभे राहून पान चघळत काम बघायचे आणि रोज एकच प्रश्न विचारायचे. "ता सगळा खरा, पण पाणी खंय जातला?" मला वाटायचं म्हाताऱ्याला आपल्या माडांची काळजी, त्यांच्याकडे पाणी वळवू म्हणून. मी हसून म्हणायचो, आबा, जाईल हो कुठेतरी.

मे अखेरीस भिंत उभी राहिली. पाच फूट उंच, लालबुंद, सुरीने कापल्यासारखी. लॉन अंथरलं, खुर्च्या ठेवल्या, फोटो काढून स्टेटसला टाकला. (खुर्चीवर बसलो तेव्हा मागचे दोन पाय नव्या भरीत वीतभर गेले, तो फोटो टाकला नाही.)

जुलैत चुलतभावाने एक फोटो पाठवला, खाली दोनच शब्द, "पॉट इला". भिंतीला पोट सुटलं होतं, अगदी माझ्यासारखं, मधोमध. भाचा सिव्हिल इंजिनिअर, त्याला घाबरत घाबरत फोन केला तर तो आधी पोट धरून हसला आणि मग हिशोब समजावायला लागला, की माती पाणी पिते, बाहेर जायला वाट नसली की ते भिंतीमागे साठतं, आणि पाच फूट साठलं की तळाशी दर चौरस फुटावर साधारण १४० किलोचा रेटा. "म्हणजे मामा, एका फुटाच्या चौकोनातून तुम्ही आणि मामी दोघं मिळून ढकलताय असं समजा." फोन स्पीकरवर होता. मामी त्याच्याशी अजून नीट बोलत नाहीत.

चौथ्या रात्री भिंत गेली. लॉन गेलं, खुर्च्या व्हाळातून पुढे कुठे पोचल्या देव जाणे. वरचे दोन जुने गडगे मात्र जसेच्या तसे, त्यांच्या फटीफटीतून पाणी निवांत ठिबकतंय. मला त्यांचा अतिशय राग आला. गणपतीला पाहुणे आले, चिऱ्यांच्या ढिगावर बसून फोटो काढले, एकाने तर विचारलं की हे मुद्दाम असंच ठेवलंय का, छान रस्टिक वाटतं. मी हो म्हणालो.

दिवाळीनंतर पुन्हा तोच मिस्त्री, त्याने एका शब्दाने टोमणा मारला नाही हे जास्त लागलं. आता भिंत आत कललेली आहे, मागे फूटभर खडी आहे, कडेला वाळा लावलाय कारण त्याची मुळं खोल जाऊन माती धरतात, आणि पायपाची भोकं आहेत १८, प्रत्येकाच्या तोंडाला जाळी. जाळ्या बायकोने स्वतः तारेने आवळल्या, मिस्त्रीवर विश्वास नाही.

या जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात आबा छत्री घेऊन आले, पाणी खंय जातला हा प्रश्न सुटल्यामुळे जरा उदास दिसत होते. एका टोकापासून भोकं मोजत गेले. मग माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "सतरांतसून पाणी येता. एकातसून नाय. आत कोणतरी बसलाहा."

बायकोला अजून सांगितलेलं नाही.