बेन-हरच्या शर्यतीत ‘मेलेला’ माणूस

‘1959च्या बेन-हरमधल्या रथांच्या शर्यतीत एक स्टंटमन खरोखर मेला आणि दिग्दर्शकाने तो शॉट तसाच सिनेमात ठेवला. नीट बघा, मागे लाल फेरारीसुद्धा दिसते आणि एका रथस्वाराच्या हातात घड्याळ आहे.’ साधारण असा फॉरवर्ड, सोबत छोटीशी क्लिप, अधूनमधून पुन्हा उगवतोच. खाली ‘बाप रे’ आणि हात जोडलेले.

क्लिपमधला तो क्षण खोटा नाही, हे आधीच मान्य करतो. वाटेत मोडलेल्या रथांचा ढीग पडलाय. सिनेमाचा नायक ज्यूडा, त्याचे चार पांढरे घोडे त्यावरून झेपावतात, मागोमाग रथ उडतो आणि आतला माणूस पुढच्या कठड्यावरून उलटा होऊन थेट घोड्यांच्या दिशेने फेकला जातो. पहिल्यांदा बघताना माझ्याही पोटात गोळा आला होता. यातली रथाची उडी ठरलेली होती, माणसाची नव्हती. तो माणूस म्हणजे जो कनट, ज्यूडा झालेल्या चार्ल्टन हेस्टनचा डबल, धोक्याच्या शॉटमध्ये त्याच्या जागी उभा राहणारा. आणि शर्यतीतले स्टंट बसवणारा याकिमा कनट हा त्याचा बाप! पोराने पडता पडता रथाचा पुढचा भाग धरून ठेवला म्हणून तो चाकांखाली गेला नाही. हनुवटी फुटली, तेवढ्यावर निभावलं.

गंमत पुढे आहे. हा शॉट फेकून देण्यासारखा नव्हताच. मग हेस्टन रथाच्या पुढून लटकत परत आत चढतोय असा जवळचा शॉट वेगळा घेतला आणि दोन्ही जोडले. पडद्यावर पडतो जो, वर येतो हेस्टन. क्लिप बनवणारे नेमकं हे वर येणं कापतात. माणूस उडाला की क्लिप संपली, आणि माणूसही संपला! हा ‘मेलेला’ जो 1961च्या ‘एल सिड’ या सिनेमात पुन्हा हेस्टनच्या जागी उभा होता.

मग घोड्यांच्या टापांखाली तुडवले जातात ते कोण? बाहुले. सांधे हलणारे, कपडे घातलेले. शर्यतीत ज्यूडाचा वैरी मेसाला फरपटत जातो, त्यातही बाहुला वापरलाय, पण काही भाग मेसाला झालेल्या स्टीफन बॉइडने अंगाला संरक्षण बांधून स्वतः केलाय, म्हणून तो इतका अंगावर येतो. मेसाला या लहानपणच्या मित्राने गलबतावर वल्हं मारायला धाडलं, त्याचा हिशेब ज्यूडा या रिंगणात चुकता करतो. ती फरपट खोटी वाटली असती तर सगळी गोष्टच कोसळली असती.

‘पण एका स्टंटमनने आत्मचरित्रात लिहिलंय की’, असं कुणी म्हणेल. लिहिलंय खरं, शूटिंगच्या तिसऱ्या आठवड्यात एक जण मेला म्हणून. पण रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत, जगभरचे पत्रकार येऊन-जाऊन असताना माणूस मेला आणि त्या वेळी कुठे चार ओळी छापून आल्या नाहीत, हे पटायला जड जातं. या सिनेमाच्या काळात एक मृत्यू मात्र नक्की झाला. निर्माते सॅम झिम्बलिस्ट नोव्हेंबर 1958मध्ये शूटिंग चालू असतानाच रोममध्ये हृदयविकाराने गेले. सिनेमाच्या अकरा ऑस्करांपैकी त्यांचं त्यांच्या पत्नीने घेतलं. त्याची क्लिप कुणी फिरवत नाही.

माझ्या मते ही अफवा आली 1925च्या मूक बेन-हरवरून. त्याचंही शूटिंग आधी रोममध्येच चाललं होतं. तिथे शर्यतीत एका रथाचं चाक मोडलं, रथस्वार हवेत उडाला आणि पुढे मेला, असं त्यात मेसाला झालेल्या फ्रान्सिस बुशमन यांनी नंतर सांगितलंय. म्हणजे माणूस गेला असेल तर तो या मूक सिनेमात. पण गोची बघा. पुढे सगळा लवाजमा कॅलिफोर्नियाला हलवला, शर्यत नव्याने रचून बेचाळीस कॅमेरे लावून घेतली आणि पडद्यावर आली ती ही. म्हणजे ‘मृत्यू तसाच सिनेमात ठेवला’ हे तिथेही लागू होत नाही. दोन सिनेमे, एकच नाव, तेच शहर, तीच शर्यत. चौतीस वर्षांचं अंतर लोकांनी एका वाक्यात मिटवलं.

घड्याळाचं म्हणाल तर हेस्टनने स्वतःच ती दंतकथा असल्याचं सांगितलंय. शर्यतीत त्याच्या मनगटावर कोपरापर्यंत चामड्याचे पट्टे होते, घड्याळ दिसणार कुठून?

राहिली फेरारी. फॉरवर्ड पाठवणाऱ्या एकाला मी विचारलं, कितव्या सेकंदाला दिसते? त्याने तीच क्लिप पुन्हा पाठवली.