यंत्राला रंग दिसत नाही, ड्यूटी लावणाऱ्याला दिसतो

'यंत्र माणसाचा रंग बघत नाही. कामावरची सुरक्षितता म्हणजे हेल्मेट, बूट आणि शिस्त. शिस्त पाळली की अपघात होत नाहीत. सुरक्षितता कायद्याने आली, मोर्च्यांनी नाही. नागरी हक्कांचं राजकारण त्यात घुसडू नका.' अमेरिकेतल्या कामगारांबद्दलचा हा मजकूर बराच फिरतोय. वाचायला ठणठणीत वाटतो, म्हणून एकेक वाक्य तपासू.

'यंत्र रंग बघत नाही.' कबूल. पण त्या यंत्रापाशी कोणाला उभं करायचं, हे यंत्र ठरवत नाही. पोलाद कारखान्यांत कोक भट्ट्यांच्या (दगडी कोळसा तापवून कोक हे इंधन बनवणाऱ्या भट्ट्या) माथ्यावरचं काम, म्हणजे धूर थेट छातीत, मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या वाट्याला यायचं. 1971 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच किंवा अधिक वर्षं पूर्णवेळ माथ्यावर काम केलेल्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू अपेक्षेच्या सुमारे दहापट निघाले. धूर निःपक्षपातीच होता हो, ड्यूटीचा तक्ता नव्हता.

'शिस्त पाळली की अपघात होत नाहीत.' आता अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरात चला. 1 फेब्रुवारी 1968, धो धो पाऊस. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कृष्णवर्णीय सफाई कामगार आडोशाला कचरागाडीच्या मागच्या पिंपात शिरले. पुढे केबिनमध्ये जागा नव्हती, आणि वस्तीत कुठे आडोशाला थांबायची मुभा नव्हती. कचरा दाबणारी यंत्रणा अचानक सुरू झाली आणि दोघे चिरडले गेले. यात त्यांनी कुठली शिस्त मोडली, ते मजकूर लिहिणाऱ्यानेच सांगावं. 1964 मध्येही तिथे कचरागाडीच्या अपघातात दोन सफाई कामगार गेले होते. जुन्या गाड्यांबद्दल कामगार बोलत होते, पण ऐकतो कोण? त्यांच्या युनियनला शहर मान्यताच देत नव्हतं.

12 फेब्रुवारीला सुमारे 1,300 जण संपावर गेले. हातातल्या फलकांवर चारच शब्द: 'आय ॲम अ मॅन', मी माणूस आहे. गाडी दुरुस्त करा, असं त्यावर लिहिलं नव्हतं, आणि मला तरी यात काही विसंगत वाटत नाही. ज्याचं म्हणणं मोजलंच जात नाही, त्याने गाडीची तक्रार करून काय होणार? याच संपाला पाठिंबा द्यायला आलेले मार्टिन ल्यूथर किंग 4 एप्रिलला मारले गेले. 16 एप्रिलला समझोता झाला, त्यात पगारवाढीबरोबर युनियनला मान्यताही होती.

'सुरक्षितता कायद्याने आली, मोर्च्यांनी नाही.' कायदा आला, 29 डिसेंबर 1970 ला. पण त्यात हेल्मेट-बुटांच्या पलीकडचंही एक कलम आहे: धोक्याची तक्रार केली म्हणून कामगाराला काढता येणार नाही. हा हक्कच झाला की! आणि तोही सगळ्यांना मिळाला नाही. केंद्राच्या त्या कायद्याने राज्यांचे आणि शहरांचे कर्मचारी थेट कक्षेबाहेर ठेवले, त्यांच्यासाठी स्वतःची व्यवस्था करायची की नाही, हे राज्यांवर सोडलं. म्हणजे ज्यांच्या गाडीत दोघे चिरडले, ते मेम्फिसचे सफाई कामगार त्यात नव्हतेच.