वाचता न येणारी सरपंच आणि आपण

गावाकडच्या, शिंदखेडा तालुक्यातल्या आमच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर सध्या एक व्हिडिओ फिरतोय. ग्रामसभेत एक सरपंचताई ठराव वाचताना अडखळतात आणि मागून लोक हसतात. खाली मागणी अशी, की १ जानेवारी १९९५ला किंवा नंतर जन्मलेल्यांना ग्रामपंचायतीची निवडणूक लढवताना असलेली सातवी पासची अट आता सरसकट सगळ्यांना लावा. मला हे अजिबात पटत नाही.

मी राहतो त्या कॅनडात जाक डेमर्स नावाचे आइस हॉकीचे प्रशिक्षक होते. १९९३मध्ये त्यांनी माँट्रियलच्या संघाला स्टॅन्ली कप जिंकून दिला. आपल्याला धड लिहिता-वाचता येत नाही, हे त्यांनी २००५मध्ये, साठी उलटल्यावर जगजाहीर केलं. तोवर कागद आला की दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे. पुढे २००९मध्ये त्यांना थेट सिनेटवर, म्हणजे इथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, नेमलं गेलं. म्हणजे इथले लोक फार उदार, असं नाही. नाव झाल्यावर, आपल्या सवडीनं बोलायची मुभा त्यांना मिळाली. आपल्या सरपंचताईची परीक्षा मात्र पहिल्याच सभेत, मोबाइल रोखलेले असताना होते.

माझी मावशी ग्रामपंचायत सदस्य झाली तेव्हा कागदावर पेन्सिलीची फुली मारून मिळायची, तिथे ती नाव गिरवायची. मग रात्री भाकरी झाल्या की नातीजवळ बसायला लागली. जोडाक्षरांनी तिला फार छळलं. ‘प्रस्ताव’पाशी बोट किती वेळ थांबायचं! पण एका बैठकीत तिनं कागद स्वतःकडे ओढला आणि म्हणाली, “थांबा भाऊ, आते मी वाचीसनच सही करस.” सगळे थांबले. थांबावंच लागलं.

सरसकट अट लावली तर अशी बाई घरीच बसेल. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्यात तर विचारूच नका. २०११च्या जनगणनेत नंदुरबारची साक्षरता ६४ टक्के, राज्यात सर्वांत कमी. तिथल्या कितीतरी घरांत भिली नाहीतर पावरी बोलतात, कागद मात्र मराठीत.

टोरांटोच्या सार्वजनिक ग्रंथालयात प्रौढांना एकेकट्यानं, मोफत वाचायला शिकवतात. आपल्याकडेही ‘उल्लास’ हा साक्षरता कार्यक्रम आहे, पंधरा वर्षांपुढच्या सगळ्या निरक्षरांसाठी. त्यातून निवडून आलेल्या निरक्षर सदस्याला पहिल्याच महिन्यात शिकवणारं माणूस द्या, शक्यतो तिची बोली जाणणारं. आणि ठरावाचा मसुदा सभेच्या आठ दिवस आधी, मोठ्या अक्षरात तिच्या घरी पोचवा.