जुन्या अम्बॅसॅडरचा फ्यूज वारंवार उडतो तेव्हा: एका फिरत्या सल्ल्याचा प्रतिवाद

जुन्या गाड्या हौसेने सांभाळणाऱ्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरत असतो. त्याचा आशय असा: जुनी वायर जास्त करंट ओढते, म्हणून ब्रेक लाइट, इंडिकेटर यांसारख्या दिव्यांचा फ्यूज पुन्हापुन्हा उडत असेल तर मोठ्या अँपिअरचा फ्यूज बसवावा, शंका असल्यास मल्टीमीटर (विद्युत मोजमापाचे यंत्र) बीपवर ठेवून फ्यूजच्या पायापासून बॉडीपर्यंत तपासावे, बीप वाजली की शॉर्ट आहे, म्हणजे वायर बॉडीला टेकून करंट आडवाटेने जातो आहे, असे समजावे, शॉर्टची नेमकी जागा सापडणे अशक्य असल्याने सरळ संपूर्ण वायरिंग बदलावे, आणि तेवढा खर्च नको असेल तर सगळीकडे एलईडी बल्ब लावावेत. यातील प्रत्येक दावा तपासून पाहणे आवश्यक आहे, कारण पहिलाच दावा गाडीला आग लावू शकतो. उदाहरणासाठी अम्बॅसॅडर घेतो. ती ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज ३ वर आधारलेली असल्यामुळे तिच्या जुन्या आवृत्त्यांचे वायरिंग त्या काळच्या ब्रिटिश पद्धतीने समजून घेता येते.

जुनी वायर जास्त करंट ओढते, हे विधानच चुकीचे आहे. करंट किती वाहणार हे बल्ब, मोटर यांसारखा भार ठरवतो. वायर जुनी होऊन तिचे तंतू तुटले किंवा जोड गंजले, तर विरोध वाढतो आणि करंट उलट कमी होतो. दिवे मंद होतात, फ्यूज उडत नाही. ब्रेक लाइटचे २१ वॅटचे दोन बल्ब मिळून साधारण साडेतीन अँपिअर घेतात, एका बाजूचे दोन इंडिकेटर तेवढेच, आणि वायपर धरला तरी एकूण बेरीज १० ते ११ अँपिअरच्या आसपास राहते. त्या मार्गावरच्या ब्रिटिश पद्धतीच्या काचेच्या फ्यूजवर ३५ हा आकडा असतो खरा, पण तो फ्यूज उडण्याचा आकडा आहे. अखंड वाहू देण्याची त्याची मर्यादा १७ अँपिअर असते. म्हणजे मूळ फ्यूज पुरेसा आहे, आणि तो उडतो याचा अर्थ करंट भलत्याच वाटेने बॉडीत उतरतो आहे.

येथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. दुकानातून आणलेला आजच्या पद्धतीचा ३५ अँपिअरचा फ्यूज ३५ अँपिअर अखंड सोसतो, त्यामुळे आकडा तोच ठेवूनही संरक्षण निम्म्यावर आलेले असते. वायर थेट बॉडीला टेकली तर शंभराहून अधिक अँपिअर वाहतात आणि कोणताही फ्यूज उडतो. पण घासलेल्या इन्सुलेशनमधून दोन-चार तंतूच टेकत असतील, तर ३० अँपिअरसुद्धा वाहू शकतात आणि तो मोठा फ्यूज शांतपणे टिकून राहतो. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या वायरीत १० अँपिअरला दर मीटरला पावणेदोन वॅट उष्णता निर्माण होते, तर ३० अँपिअरला सुमारे साडेपंधरा वॅट. टेपने घट्ट गुंडाळलेल्या हार्नेसमधून (वायरींच्या जुडग्यातून) ही उष्णता बाहेर पडू शकत नाही, आणि साधे पीव्हीसी आवरण ७० अंशांच्या पुढे फार काळ टिकण्यासाठी बनवलेले नसते. एक वायर वितळली की शेजारच्या वायरीही तिला चिकटतात, आणि एका ठिकाणचा दोष दहा ठिकाणी पसरतो. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटाची चांदी किंवा वायरीचा तुकडा लावणाऱ्यांना हे कळकळीने सांगावेसे वाटते.

बीपचा दावा अर्धवट माहितीतून आलेला आहे. २१ वॅटचा बल्ब पेटलेला असताना त्याचा विरोध सुमारे सात ओहम असतो, परंतु फिलामेंट थंड असताना तो एक ओहमच्याही खाली जातो. मल्टीमीटरची बीप साधारणपणे काही दहा ओहमांपर्यंत वाजते, त्यामुळे बल्ब जागेवर ठेवून तपासल्यास निरोगी मार्गही शॉर्ट असल्याचे दाखवतो. उलट, गाडी खड्ड्यातून जातानाच टेकणारी वायर उभ्या गाडीत मीटरला सापडतच नाही.

यापेक्षा भरवशाची पद्धत जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनांना ठाऊक असलेला टेस्ट लॅम्प ही आहे. फ्यूज काढून त्याच्या दोन पायांमध्ये हेडलाइटचा एखादा बल्ब वायरींनी जोडावा. शॉर्ट असेल तर हा बल्ब पूर्ण तेजाने पेटतो, पण करंट चार-पाच अँपिअरच्या पुढे जाऊ देत नाही. त्यामुळे एकही फ्यूज न जाळता दोष कितीही वेळ चालू ठेवून शोधता येतो. आधी त्या मार्गावरचे सगळे बल्ब काढून घ्यावेत आणि वायपरसारखे इतर भार सोडवावेत, कारण ते जोडलेले असले की टेस्ट लॅम्प त्यांच्यामुळेही पेटतो. त्यानंतरही तो तेजाने जळत असेल तर डिकीजवळचे बुलेट कनेक्टर (वायरींचे खेचून सुटणारे जोड) सोडवावे: लॅम्प विझला तर दोष त्यांच्या मागे, टेल लाइटच्या बाजूला आहे, जळत राहिला तर पुढे. अधूनमधून येणारा दोष असल्यास हार्नेस हाताने वीत-वीत हलवत जावे. लॅम्प ज्या ठिकाणी लुकलुकतो, तेथेच थांबावे.

यातच तिसऱ्या दाव्याचेही उत्तर आहे. शॉर्टची जागा सापडते, आणि फ्यूज केव्हा उडतो एवढे नीट पाहिले तरी शोध बराच आटोपतो. ब्रिटिश रंगपद्धतीत ब्रेक लाइटची वायर हिरवी-जांभळी, डाव्या इंडिकेटरची हिरवी-लाल आणि उजव्याची हिरवी-पांढरी असते. ब्रेक दाबल्यावरच फ्यूज उडत असेल, तर उरलेल्या गाडीला हात लावण्याचे कारण नाही. (मधल्या काळात कुणी वायरिंग केलेले असेल तर केवळ रंगावर विसंबू नये.) जागाही बहुधा ठरलेल्या असतात: पत्र्याच्या भोकातला कडक झालेला रबरी ग्रॉमेट, डिकीत सामानाखाली चिरडलेली वायर, टेल लाइटच्या होल्डरमधील झिजलेली इन्सुलेटिंग चकती, स्टीअरिंगखालचा इंडिकेटर स्विच, आणि नंतर बसवलेल्या हॉर्न किंवा फॉग लाइटसाठी सोलून पिळलेले जोड. कोकणात, गोव्यात खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस होल्डर लवकर खातात. उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर. इन्सुलेशन सर्वत्र भुगा होऊन गळत असेल किंवा हार्नेस आधीच जळलेला असेल, तर मात्र संपूर्ण वायरिंग बदलणे योग्यच आहे.

डावा इंडिकेटर लावल्यावर टेल लाइटही लुकलुकतो, ही तक्रारसुद्धा या सल्ल्यात शॉर्टच्या खाती घातली जाते. ते खराब अर्थिंगचे, म्हणजे करंट बॉडीमार्गे परत नेणाऱ्या जोडाचे, लक्षण आहे. होल्डर जेथे बॉडीला बसतो तेथे पत्रा घासून स्वच्छ करावा.

एलईडीविषयी थोडक्यात: वायर जर बल्बच्या आधीच बॉडीला टेकत असेल, तर बल्ब कोणता आहे याने काहीही फरक पडत नाही. शिवाय इंडिकेटर लुकलुकवणारा जुना फ्लॅशर बल्बच्या करंटवर चालत असल्याने एलईडी लावल्यावर इंडिकेटरची लय बिघडते.

दोष सापडल्यावर खराब तुकडा कापून नवी वायर सोल्डर करावी, वर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आकसून घट्ट बसणारी नळी) चढवावी आणि ग्रॉमेट नवा घालावा. बोनेटखालच्या उष्णतेत नुसती टेप सुटून येते. एक काम याच वेळी करून घ्यावे. मूळ मॉरिस पद्धतीत फ्यूज दोनच असत, आणि हेडलाइट व टेल लाइट त्यांच्या बाहेर राहत. त्या वायरी टेकल्या तर अडवणारे काहीच नसते, म्हणून त्यांवर काम करताना आधी बॅटरीची बॉडीला जोडलेली तार सोडवावी. डाव्या आणि उजव्या हेडलाइटला प्रत्येकी १० अँपिअरचा, तसेच दोन्ही बाजूंच्या टेल लाइटला प्रत्येकी ५ अँपिअरचा वेगळा फ्यूज लावल्यास रात्री घाटात एक बाजू गेली तरी दुसरी जळत राहते.