‘दुकान’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

रक्तातलं बाईल अ‍ॅसिड, म्हणजे पित्तातलं आम्ल, मोजण्याच्या तपासणीवर मी लेख लिहिला होता. त्याखाली ‘एक जागरूक वाचक’ अशा सहीने प्रतिक्रिया आली आहे. त्यांचं म्हणणं असं: बिलिरुबिन (काविळीत वाढतं ते) ठीक म्हणजे लिव्हर ठीक, ते नॉर्मल असताना बाईल अ‍ॅसिड मोजायला सांगणं हे लॅबवाल्यांनी काढलेलं नवं दुकान आहे. तपासणी महाग आहे, तिच्यावरून नेमका आजार कळत नाही, आणि जेवणानंतर पातळी वाढते हे लेखात नाही.

शेवटचं आधी घेतो, कारण ते खरं आहे. जेवलं की पित्ताशय आकसतं, पित्त आतड्यात उतरतं आणि पुढचे काही तास रक्तातली पातळी चढलेली असते. उपाशीपोटी निरोगी माणसात ती साधारण १० मायक्रोमोल प्रति लिटरच्या आत असते. हे राहून गेलं होतं, आता लेखात घातलं आहे.

पण ‘दुकान’? मी परभणीत २६ वर्षं लॅबमध्ये काढली, पगारावर. पहाटे सहाला खेड्यापाड्यांतून एसटीने आलेल्या माणसांच्या शिरा शोधण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. एका रिपोर्टमागे एक रुपयाही वेगळा घेतला नाही. तुम्ही स्वतःचं नाव लिहीत नाही आणि माझ्या हेतूवर बोट ठेवता, ही कुठली जागरूकता?

बिलिरुबिन ठीक म्हणजे लिव्हर ठीक, हे तुम्ही इतक्या ठामपणे लिहिलंत म्हणून सविस्तर सांगतो. जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की हिमोग्लोबिनमधून जो पिवळा रंग निघतो, तो बिलिरुबिन. बाईल अ‍ॅसिडचा त्याच्याशी संबंध नाही, ते लिव्हर स्वतः कोलेस्टेरॉलपासून बनवतं. अंगात सगळं मिळून दोन ते चार ग्रॅम असतं, पण ते दिवसातून सहा ते दहा फेऱ्या मारतं. लहान आतड्याच्या शेवटाला ९५ टक्के परत शोषलं जातं, पोर्टल शिरेतून लिव्हरकडे येतं आणि लिव्हर त्यातलं बहुतेक पहिल्याच फेरीत उचलून घेतं. म्हणून बाहेरच्या रक्तात ते इतकं कमी सापडतं.

सिरॉसिसमध्ये लिव्हर कडक होतं, पोर्टल शिरेतला दाब वाढतो आणि रक्त आडवाटेने निघून जातं. पाट फुटला की पाणी भलत्याच रानात शिरतं, तसं. उचलणारं कोणी न भेटल्याने बाईल अ‍ॅसिड रक्तात चढतं, आणि तेव्हा बिलिरुबिन नॉर्मल असू शकतं. उलटही घडतं. गिल्बर्ट सिंड्रोम या जन्मजात, निरुपद्रवी प्रकारात डोळे पिवळसर दिसतात, बिलिरुबिन वाढलेलं असतं, पण लिव्हर धडधाकट आणि बाईल अ‍ॅसिड नॉर्मल.

आता माझ्या घरातलं. भाची बाळंतपणाला माहेरी आली होती. आठवा महिना, एप्रिलचं ऊन. रात्री दोनला न्हाणीत दिवा दिसला म्हणून उठलो, तर पोरगी वजरीने तळपाय घासत बसलेली. तळव्यांना रक्ताच्या रेघा. ‘मामा, जरा झोपू द्या हो मला,’ म्हणून रडायला लागली. बहीण म्हणत होती, पित्त उठलंय, आमसूल चोळ. पण अंगावर गांध एकही नव्हती, होते ते फक्त नखांचे ओरखडे. तळहात-तळपायांना, आणि रात्रीच जास्त. दाखवलं तिथे बिलिरुबिन ०.७, म्हणजे नॉर्मल आलं आणि ‘उन्हाळ्याचं आहे, पावडर लावा’ म्हणून परत पाठवलं.

उपाशीपोटी नमुना मी स्वतः काढला, पुण्याला पाठवला. आकडा आला ४६. गरोदरपणातला पित्त साकळण्याचा आजार होता तो. हा आकडा १००च्या पुढे गेला तर बाळ पोटातच दगावण्याचा धोका वाढतो, हे २०१९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात हजारो बायकांच्या नोंदी एकत्र करून दाखवलं गेलं. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी दर आठवड्याला तपासणी ठेवली आणि ३७व्या आठवड्यात बाळंतपण केलं. आठवड्याभरात खाज गेली. नात आता शाळेत जाते.

म्हणून लिहिलं होतं ते, गिऱ्हाईक गोळा करायला नाही. पुरळ नसताना तळव्यांना खाज सुटलेल्या एखाद्या गरोदर पोरीच्या आईने वाचावं म्हणून.

तपासणी महाग आहे म्हणता. असेल, दर मी ठरवत नाही. आजाराचं नाव कळत नाही म्हणता. ताप मोजून तरी कुठे कळतं? धडधाकट माणसाने हौसेने करून घ्यावी असं मी लिहिलेलं नाही, लेख पुन्हा वाचा. तुम्ही पूर्ण वाचलात की नाही, याचीच मला शंका आहे.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. ‘दुकान’ हा शब्द मात्र तुम्ही मागे घ्यावा. आणि तो नावानिशी घ्यावा.