पंधरा दिवसांत सैल पडलेल्या गटिंगबद्दल

नमस्कार दादा,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की १३ वर्षांच्या मुलाच्या टेनिस रॅकेटला आम्ही ११०० रुपये घेऊन गटिंग केलं (म्हणजे नवी तार ओढून बसवली), ते पंधरा दिवसांत सैल पडलं, मुलाचा कोपर दुखायला लागला, तार डुप्लिकेट होती आणि दुकानदाराला टेनिसमधलं काही कळत नाही. तार डुप्लिकेट नव्हती. बाकीच्यात मात्र तथ्य आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या दिवशी तुम्ही मोबाइलवर नदालचा फोटो दाखवलात आणि म्हणालात, "हीच काळी तार टाका, अन् टाइट ओढा." मी मान डोलावली आणि ती पॉलिएस्टरची तार ५८ पाउंडाच्या ताणावर ओढून दिली. चूक तिथं झाली. रॅकेटची कंपनीची जुनी तार कापायच्या आधी मी मधल्या उभ्या तारांवरून नख फिरवून बघितलं होतं. जोरात स्पिन मारणाऱ्याच्या उभ्या तारा आडव्या तारांवर घासून घासून खाचा पडतात, त्या नखाला लागतात. तुमच्या पोराच्या तारेला एक खाच नव्हती. म्हणजे त्याला पॉलिएस्टरची गरज नाही, हे मला मशीनवर रॅकेट चढवायच्या आधीच कळलं होतं. तरी बोललो नाही. उन्हाळी सुट्ट्यांची गर्दी होती हे एक, पण खरं सांगायचं तर गिऱ्हाईक हातचं जाईल म्हणून गप्प बसलो.

ही तार वाईट नाही. १९९७ साली ब्राझीलचा कुएर्तेन पॉलिएस्टर लावून फ्रेंच ओपन जिंकला, तेव्हापासून मोठे खेळाडू तिच्या मागे लागले. चेंडूवर घासताना उभी तार बाजूला सरकते आणि झटक्यात जागेवर परत येते, त्यातून स्पिन मिळतो. पण त्यासाठी हात तेवढ्या वेगानं फिरायला पाहिजे. तो वेग नसला तर स्पिन राहतो बाजूला, आणि कडक तारेचा हादरा तेवढा मनगट-कोपरात जातो. नदालचंही सगळ्याच गोष्टींत अनुकरण करावं असं काही नाही, आणि फेडररसारखा माणूस तर उभ्या तारा नैसर्गिक गटच्या लावायचा, पॉलिएस्टर फक्त आडवी. (गटिंग हा शब्दच त्या आतड्याच्या तारेवरून आलाय. दर आठवड्याला कुणीतरी विचारतं म्हणून सांगतो, ती गाईच्या आतड्यापासून होते, आमच्याकडे नाही. आमच्या सगळ्या तारा नायलॉन नाहीतर पॉलिएस्टरच्या.)

सैल पडण्याचं म्हणाल तर पॉलिएस्टरचा स्वभावच तो. नायलॉनपेक्षा ती ताण लवकर सोडते, आणि तुटत नाही म्हणून आपल्याला वाटतं अजून चांगली आहे. चेंडू मारल्यावर तारा वाकड्याच राहिल्या, बोटानं सारख्या कराव्या लागल्या, की आम्ही म्हणतो तार मेली. मोठ्या सामन्यात पहिल्या ७ गेमनंतर आणि पुढे दर ९ गेमनंतर चेंडू बदलतात, तेव्हा कित्येक खेळाडू रॅकेटही ताजी घेतात. आपल्याकडे तीच तार दिवाळीपर्यंत चालते. त्यात तुमचा मुलगा बोलता बोलता म्हणाला होता की बॅग गाडीतच असते. मे महिन्यात संभाजीनगरात बाहेर ४२ डिग्री असताना बंद गाडीत काय होत असेल, विचार करा. ताण आणखी उतरतो. रॅकेट घरात ठेवत चला.

तुम्ही लिहिलंय, पुढच्या वेळी ६२ वर ओढून घेणार. कृपा करून कुठंच घेऊ नका. रॅकेटच्या आतल्या बाजूला ५० ते ५९ छापलेलं आहे, त्यावर गेलं तर फ्रेमलाच धोका. आणि जेवढी तार ताठ, तेवढा कोपरावर भार.

दुखणं तारेमुळेच आहे असं मी ठामपणे म्हणणार नाही. सराव एकदम वाढला असेल, ग्रिपचा आकार चुकीचा असेल. आधी डॉक्टरांना दाखवा आणि दुखणं थांबेपर्यंत खेळवू नका.

रॅकेट घेऊन या. ती काळी तार कापून बारीक धाग्यांची मऊ मल्टिफिलामेंट टाकतो, १.३० मिलिमीटरची, ५१ पाउंडावर. तार आणि मजुरी, दोन्हीचे पैसे घेणार नाही. तुमच्या बिलावर मी नुसतं 'गटिंग १' लिहिलं होतं, तेही बरोबर नाही. आता प्रत्येक बिलावर तारेचं नाव, जाडी, पाउंड आणि तारीख लिहायला सुरुवात केलीय.

स्टार बदला असं म्हणत नाही. मंगळवार सोडून कधीही या, सकाळी आलात तर तासाभरात होईल. फक्त पोराला सोबत आणा, यावेळी आधी त्याचा हात आणि ग्रिप बघतो, मग मशीन सुरू करतो.