ऑलिम्पसचे चौदा देव

लेकीला शाळेत 'ऑलिम्पसचे बारा देव', म्हणजे ग्रीकांचे मुख्य देव, असा चार्ट न्यायचा होता आणि हे मला अर्थातच रविवारी रात्री साडेनऊला कळलं. नेटवरून फोटो काढले, प्रिंट मारल्या, कापले, फेव्हिकॉलने चिकटवले, मोजले तर चौदा.

बायको म्हणाली, "दोघं पाहुणे आले असतील."

पाहुणे कसले, हर्मीस दोनदा आला होता, एकदा हर्मीस म्हणून एकदा मर्क्युरी म्हणून, दोघांच्या पायाला पंख, दोघांच्या हातात सापवाली काठी, मला वाटलं जुळे असतील. एरीस आणि मार्सचंही तेच. रोमन लोकांनी ग्रीकांचे देव आपल्या देवांशी जुळवून टाकले ना, झ्यूसचा ज्युपिटर, पोसायडनचा नेपच्यून, ॲफ्रोडाइटीची व्हीनस. आपल्याकडे ताटात तांदूळ पसरून एकट्या सुनेचं नाव बदलायचे, इथे अख्खं माहेरच बदललं! एकटा अपोलो सरळ माणूस, दोन्हीकडे अपोलोच.

आणि लहानपणापासून मी ओडिसियस आणि युलिसीस हे दोन वेगळे हिरो समजत होतो, दोघंही युद्धानंतर दहा वर्षं घरी पोचत नाहीत, दोघांच्याही बायकोचं नाव पेनेलोपी, तरी शंका म्हणून आली नाही.

"बाबा, पण ग्रहांची नावं तर बहुतेक रोमन आहेत," लेक म्हणाली. बरोबर, पण बऱ्याच चंद्रांची ग्रीक! मंगळ म्हणजे मार्स आणि 1877 मध्ये सापडलेले त्याचे दोन चंद्र फोबॉस आणि डीमॉस, म्हणजे एरीसची पोरं. बापाचं आधार कार्ड रोमन, पोरांचं ग्रीक, कुठली शाळा ॲडमिशन देईल? गुरूचं, म्हणजे ज्युपिटरचं तर विचारूच नका, आयो, युरोपा, कॅलिस्टो, गॅनिमीड ही सगळी झ्यूसची लफडी त्याच्याभोवती फिरतायत आणि 2016 मध्ये तिथे पोचलेल्या यानाचं नाव जुनो, म्हणजे साक्षात बायको. (हा भाग मी लेकीला सांगितला नाही, बायको ऐकत होती.)

तर मर्क्युरी आणि मार्सला उचकटलं, त्याबरोबर कार्डशीटचा पापुद्रा पण आला आणि दोन पांढरे डाग पडले. एका डागावर लेकीने ढग काढला. दुसऱ्यावर मी मोठ्या हुशारीने हेस्टिया चिकटवली, कारण नेटवर एका यादीत बारांमध्ये तीच होती.

त्या यादीत डायोनायसस नव्हता. आमच्या चार्टवर होता.

बायकोने परत मोजले. तेरा.